खाचर सरेपर्यंत

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच तासाला ज्योत्स्ना मॅडमनी सांगितलं, की या सहामाहीत प्रत्येकानं एकच शॉट घ्यायचा. एकच, पण त्यात पूर्ण गोष्ट हवी. कॅमेरा एकदा सुरू झाला की गोष्ट संपेपर्यंत बंद करायचा नाही, नंतर काही कापायचं नाही, काही जोडायचं नाही, आणि लांबी दहा मिनिटांच्या आत. रीटेक मात्र हवे तेवढे घ्या, म्हणाल्या. मागच्या वर्षी एका मुलानं लोहगडाच्या पायऱ्यांवर बेचाळीस रीटेक घेतले होते, आणि बेचाळिसाव्यात माकडानं त्याच्या नटाची टोपी पळवली होती. वर्ग हसला.

सई हसली नाही. तिनं वहीत चौकटी आखायला घेतल्या होत्या.

सई तळेगावची. वडील दिगंबर विमा कचेरीत, आई शैला शाळेत गणित शिकवणारी. मुलगी चित्रपट दिग्दर्शनाची पदवी घेणार म्हटल्यावर घरात दोन आठवडे कुणी मोकळं बोललं नव्हतं. मग एका रविवारी वडिलांनी प्रवेशाचा अर्ज पुढ्यात ओढून स्वतःच्या सुवाच्य अक्षरात भरून दिला आणि त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. दोन वर्षांत सई भिंगं शिकली, प्रकाश शिकली, पटकथा लिहायला शिकली. पण तिचं खरं नाव झालं ते चौकटींसाठी. कुठलाही शॉट असो, त्यातली प्रत्येक हालचाल ती आधी चौकटीच्या वहीत काढायची. माणूस कुठून येणार, कितव्या सेकंदाला थांबणार, कुणाकडे बघणार, सगळं. आणि काढलं तसं घडवून घ्यायची.

या वेळची तिची गोष्ट अशी होती. एक आई भाताची आवणी करतेय. वाफ्यातली रोपं चिखलात लावत लावत ती मागं सरकत चाललीय. मुलगी बांधावर येते आणि सांगते, की मला परदेशात नोकरी लागली, मी जाणार. आई मान वर करत नाही. लावत लावत लांब जाते, आणि मुलगी बांधावर एकटी उरते. आठ मिनिटं.

गोष्ट सुचली ती राजेश्वरीमुळे. राजेश्वरी तिच्याच वर्गातली, कॅमेऱ्याला हात लावला की बोलणं विसरणारी मुलगी. ती वडिवळ्याची. घरची भातशेती होती, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांची आवणी होती. तिची आई अंबूबाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायला तयार झाली, म्हणजे नाही म्हणाली नाही. मुलीच्या कामासाठी कामशेतच्या सारिकाला विचारलं. ती एकांकिका स्पर्धांत बक्षिसं मिळवणारी, खणखणीत आवाजाची.

आवणीच्या आधीच्या शनिवारी सई जागा बघायला गेली. घोरावाडी स्टेशनवर लोकलमध्ये बसली, कामशेतला उतरली, पुढं जीपनं वडिवळे. शेजारच्या एकाच्या खाचरात, बांध घालून पाणी अडवलेल्या भाताच्या तुकड्यात, लावणी चालू होती. सईनं आवणी आधी पाहिलेली होती, पण गाडीच्या खिडकीतून. आता ती बांधावर होती आणि पाच हातांवर अकरा बायका ओणव्या होत्या, डोक्यावरून पाठीवर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद घेतलेल्या. त्यांचं तोंड चालू होतं, कुणाच्या तरी सुनेबद्दल, आणि हात वेगळेच चालले होते. जणू त्या हातांना बोलण्याशी काही देणंघेणं नव्हतं. सईला नुसत्या डोळ्यांनी ते काय करतायत ते दिसेचना. म्हणून तिनं अंबूबाईचा हात मोबाइलवर टिपला आणि वेग कमी करून पाहिला.

डाव्या हातात रोपांची मूठ. अंगठा आणि दोन बोटं मुठीतून तीन रोपं सोडवतात. उजवा हात ती घेतो, पाण्याखाली जातो, चिखलात खोचतो, आणि वर येता येता बोटं बाजूचा चिखल दाबून येतात. एवढं सगळं एका सेकंदात. पुढच्या सेकंदाला पुन्हा. आणि प्रत्येक वेळी तीनच रोपं. सईनं ते पंधरा-वीस वेळा पाहिलं. पाऊस मोबाइलच्या काचेवर पडत होता तो ती कुडत्यानं पुसत होती आणि पुन्हा बघत होती.

रोपं मोजून घेता का, असं तिनं विचारलं, तेव्हा अंबूबाई मान वर न करता म्हणाली, "मोजायला कुटं येळ हाय? हाताला कळतंय."

त्या दिवशी सई वहीत काही काढू शकली नाही. घरी जाऊन मात्र तिनं अठ्ठेचाळीस चौकटी काढल्या.

शूटिंगच्या दिवशी सई, राजेश्वरी आणि सारिका सकाळी साडेसातला शेतावर पोचल्या. आज सावड अंबूबाईच्या घरची होती. गावातल्या बाया आज हिच्या शेतात, उद्या तिच्या, अशा एकमेकींची लावणी उरकतात. राजेश्वरीचे वडील बाजीराव यांनी आदल्या दिवशी पॉवर टिलर फिरवून चिखलणी करून ठेवली होती. मोठी खाचरं खाली होती. ओढ्याच्या अंगाला मात्र पाच लहान खाचरं होती, पायऱ्यांसारखी एकाखाली एक, प्रत्येक जेमतेम गुंठाभर. अकरा बायकांनी धरलं तर एक खाचर आठ-दहा मिनिटांत व्हायचं. सईनं हीच पाच निवडली होती. वरच्या बांधावर तिकाटण्यावर कॅमेरा लावला की खालचं अख्खं खाचर एका चौकटीत मावत होतं. त्याच्या पलीकडं धरणाचं पाणी आणि ढगात अर्धे गेलेले डोंगर. बायका कॅमेऱ्याच्या पायाशी सुरुवात करणार, मागं मागं सरकत लांब जाणार, आणि मधलं पाणी हिरवं होत जाणार. कॅमेरा राजेश्वरी सांभाळणार होती. सईनं अंबूबाईच्या पदराआड छोटा माइक लावला आणि स्वतः हेडफोन घातले.

पहिलं खाचर. सई म्हणाली, सुरू. बायका वाकल्या. तीन मिनिटं झाली आणि सारिका बांधावरून येताना घसरली. पडली नाही, पण तिचं सुरुवातीचं वाक्य हुकलं.

सईनं कट म्हटलं. सारिकाला परत पाठवलं, राजेश्वरीला कॅमेरा मूळ जागी घ्यायला सांगितलं, आणि मग बायकांकडं वळून अगदी सहज म्हणाली, की जेवढं लावलंय तेवढं काढून घ्या, आपण पहिल्यापासून करू.

कुणीच हललं नाही. एक-दोघींनी अंबूबाईकडं पाहिलं. राजेश्वरी कॅमेऱ्यामागं लाल झाली होती. हे सांगायला हवं होतं हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, इतकं ते तिला माहीत होतं.

अंबूबाई सरळ झाली. ती रागावली नव्हती.

"लावलेलं उपटत न्हाईत, पोरी," ती म्हणाली. "एकदा रुजाया घातलं की त्येचं ते."

आणि ती पुन्हा वाकली. बाकीच्याही वाकल्या. सई बांधावर उभी राहून बघत राहिली. खाचर तिच्या डोळ्यांदेखत भरत गेलं आणि तिच्या लक्षात आलं, की तिच्याजवळ आता चारच रीटेक आहेत. चार खाचरं, चार वेळा. त्यानंतर पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत नाही. बेचाळीस रीटेकांच्या जगातून आलेली ती मुलगी त्या चिखलाकडं बघून मनातून चांगलीच हादरली. पण त्यात भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. इतक्या बायका, इतक्या पिढ्या, आणि प्रत्येक जणी प्रत्येक रोप एकदाच लावते, पहिल्याच वेळी बरोबर, हे तिला आजवर कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या खाचराला सर आली. साधी नव्हे, डोंगरावरून चालत येताना दिसावी अशी. कॅमेऱ्यावर आवरण होतं, पण भिंगावर पाणीच पाणी झालं. चौकटीत राखाडी रंगाशिवाय काही उरलं नाही. बायका थांबल्या नाहीत. हेडफोनमध्ये नुसता धो धो आवाज, आणि त्यातून कुणीतरी हसल्याचा.

तिसऱ्या खाचराला सगळं चौकटींप्रमाणं झालं. पाऊस उघडला, सारिका वेळेवर आली, बांधावर ठरल्या जागी उभी राहिली आणि तिनं तिचं बोलणं इतकं सुंदर म्हटलं की दोन बायकांनी काम न थांबवता माना वळवून पाहिलं. शॉट आठ मिनिटं बारा सेकंदांचा झाला. एकही चूक नव्हती. सईनं आडोशाला जाऊन तो कॅमेऱ्यावर पुन्हा पाहिला. मग राजेश्वरीकडं पाहिलं. राजेश्वरी भिंग पुसत बसली.

सईलाही ते दिसलं होतं. एका बाजूला आवणी चालली होती आणि दुसऱ्या बाजूला एक मुलगी नाटक करत होती. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

दुपारी ओढ्याकाठच्या झाडाखाली भाकऱ्या सोडल्या. हरभऱ्याची आमटी, कांदा, मिरचीचा ठेचा. अंबूबाईनं तिघींना आपल्या शेजारी बसवलं आणि जेवता जेवता विचारलं, की ह्या पोरीचं नक्की म्हणणं काय आहे. सकाळपासून ती बांधावर येते, मोठ्यानं बोलते आणि निघून जाते. सईनं तिला सगळी गोष्ट सांगितली. मुलगी जाणार आहे. आईला वाईट वाटतंय. पण आई बोलत नाही, मान वर करत नाही, हेच त्यातलं महत्त्वाचं.

अंबूबाई घास चावत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आनि पोरगी बांधाव हुबी ऱ्हाती?"

सई हो म्हणाली.

"आय वाकलेली दिसतीया, आवणी चाललीया, आनि ही वर हुबी?" अंबूबाईला ते खरंच कळत नव्हतं. "परदेशात का जाईना. आदी उतरंल, मूठ घेईल हातात. मंग काय सांगायचं ते सांगंल. वर हुबी ऱ्हाऊन कोन सांगतंय आयला?"

जवळच्या दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्यांच्या दृष्टीनं तो वादाचा मुद्दाच नव्हता.

सई उठली आणि ओढ्यावर हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. परत आली तेव्हा तिनं वही पिशवीत टाकली होती. उरलेली खाचरं दोन होती. तिनं सारिकाला सांगितलं, की चौथ्या खाचरात उतर, मावशींच्या शेजारी उभी राहा आणि लावायला शीक. कॅमेरा लावायचा नाही.

राजेश्वरी तिच्याकडं बघत राहिली. तिनं हळूच आठवण करून दिली, की मग एकच उरतं.

"माहितीये," सई म्हणाली. "पण ती शिकल्याशिवाय त्या एकाचा काय उपयोग?"

सारिकानं सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरली. पहिल्याच पावलाला पोटरीपर्यंत रुतली. तिची रोपं लावल्या लावल्या सुटून तरंगू लागली. तिच्या ओळी वाकड्या, तिची पाठ पाचव्या मिनिटाला दुखायला लागली. बायका हसल्या, पण शिकवलंही. वाकायचं कसं, मूठ धरायची कशी, पाय उचलून मागं टाकायचा कसा. चौथं खाचर लावून झालं आणि स्पर्धांत बक्षिसं घेणारी ती मुलगी घामानं, पावसानं, चिखलानं माखून उभी राहिली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर नाटकाचं काही उरलं नव्हतं.

पाचव्या खाचराच्या आधी सईनं सारिकाला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की पाठ केलेलं विसरून जा. लावत राहा. सांगावंसं वाटेल तेव्हा सांग, की तू जाणार आहेस. अंबूबाईला तिनं काहीच सांगितलं नाही. राजेश्वरीला म्हणाली, कॅमेरा हलवू नकोस, आणि मी म्हणेपर्यंत बंद करू नकोस.

चार वाजले होते. ढग वर गेले होते, ऊन नव्हतं पण उजेड स्वच्छ होता. पाचव्या खाचरातलं पाणी स्थिर होतं आणि त्यात डोंगर उलटा पडला होता. बायका ओळीत उभ्या राहिल्या, अंबूबाई मधोमध, सारिका तिच्या डावीकडं. आता हे शेवटचं लहान खाचर उरकून त्यांना खालच्या मोठ्याकडं जायचं होतं. पाऊस पुन्हा यायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं होतं. त्या घाईत होत्या.

सुरू, सई म्हणाली.

हेडफोनमध्ये तिला अंबूबाईचा श्वास ऐकू येत होता आणि हात पाण्यात जाण्याचा बारीक चुळुक आवाज, एकसारखा, घड्याळासारखा. कॅमेऱ्याच्या पायाशी हिरवं उगवायला लागलं. सारिकाची रोपं अजूनही सुटत होती. अंबूबाई स्वतःची ओळ न सोडता, न बघता, उजवा हात डावीकडं नेऊन ती पुन्हा खोचत होती. तीन मिनिटं गेली, चार गेली. मग सारिकाचा आवाज आला. तिचा नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. धाप लागलेल्या माणसाचा होता.

"आई, मी जाणार आहे."

चुळुक. चुळुक.

"कुटं?"

"लांब. विमानानं जावं लागतं."

"कवा?"

"लवकरच."

अंबूबाईचा हात चालूच होता.  सईच्या जुन्या गोष्टीप्रमाणं आता आई बोलणारच नव्हती, आणि तिला वाटलं, की तेच होणार.

मग हेडफोनमध्ये, अगदी कानाशी, अंबूबाई म्हणाली, "बरं. हे खाचर सरस्तोवर ऱ्हा."

त्यानंतर जे झालं ते आधी सईच्या कानांना कळलं. तो चुळुक आवाज लांबला. दोन आवाजांमधलं अंतर वाढलं. तिला वाटलं माइकमध्ये बिघाड आहे. तिनं हेडफोन दाबून धरले आणि खाली पाहिलं. अंबूबाईचा हात सावकाश झाला होता. गावातला सगळ्यांत जलद हात. तो मुठीतून रोपं सोडवत होता, थांबत होता, पाण्यात जात होता, चिखल दाबत होता, आणि घाई नसल्यासारखा वर येत होता.

आता ओळ वाकणार, असं सईला वाटलं. सकाळपासून तिनं पाहिलं होतं, एखादी मागं पडली की बाकीच्या पुढं जातात आणि ओळीला बाक येतो. मधली सावकाश झाली तर ओळ मधोमध तुटणार.

ओळ तुटली नाही. अंबूबाईच्या उजवीकडची सावकाश झाली. तिच्या पलीकडची झाली. सारिकाच्या डावीकडच्या झाल्या. टोकाची अनिता, ती तर नवीन लग्न होऊन आलेली, हात तरुण, ती पण झाली. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. कुणी मान वर केली नाही. एक शब्द निघाला नाही. सकाळपासून सुरू असलेली कुजबूज, हसणं, सगळं बंद होतं. सारिका धरून बारा जणी एका सरळ रेषेत, ताणलेल्या दोरीसारख्या, इतक्या सावकाश मागं सरकू लागल्या की सरकताना दिसू नयेत. फक्त डोंगराचं उलटं चित्र एक-एक वीत हिरव्याखाली जात होतं.

 सईच्या तोंडात कट हा शब्द आला नाही, चौकटी आल्या नाहीत, दहा मिनिटांची अट आली नाही. आपण काय बघतोय, हे तिला कळत होतं आणि तरी त्यावर विश्वास बसत नव्हता. अकरा बायका एका परक्या मुलीचं जाणं लांबवत होत्या.

तिनं एकदा राजेश्वरीकडं पाहिलं. राजेश्वरीचे दोन्ही हात कॅमेऱ्यावरून केव्हाच बाजूला झाले होते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरीची शेवटची रेघ उरली होती, पण ती पडद्याकडं बघत नव्हती. ती खाली आईकडं बघत होती, उघड्या डोळ्यांनी, आणि गालावरून पाणी वाहत होतं ते पावसाचं नव्हतं.

शेवटी पलीकडच्या बांधाशी हातभर पट्टा उरला. तिथं तर अंबूबाई एकेक रोप लावायला लागली. तीन नाही, एक. मग तेही संपलं. ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली आणि तिनं पहिल्यांदा सारिकाच्या तोंडाकडं पाहिलं.  तिचं मनगट धरून तिला बांधाच्या मुशीपाशी नेलं, जिथून खालच्या खाचरात पाणी पडत होतं, आणि त्या धारेखाली तिचे हात कोपरापर्यंत धुतले, लहान पोराचे धुवावेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून. मग सोडून दिले.

एकोणीस मिनिटं दहा सेकंद. कॅमेरा बॅटरी संपून आपोआप बंद झाला.

बायका लगेच खालच्या खाचराकडं निघाल्या. काम पडलं होतं. सई चिखलातून धडपडत अंबूबाईला गाठायला गेली. माइक काढता काढता तिनं विचारलं, की मावशी, तुम्ही हळू का झालात?

"ती जानार म्हनली न्हव का," अंबूबाई म्हणाली, जणू उत्तर सगळ्यांना माहीत असावं.

"पण ती तुमची खरी मुलगी नाही."

"म्हाईत हाय की." अंबूबाईनं पदर खोचला. "पन माज्या शेजारी चिखलात व्हती."

आणि ती खाली उतरून गेली.

कॉलेजात ज्योत्स्ना मॅडमनी तो शॉट वर्गासमोर लावला. दहाव्या मिनिटाला कुणीतरी घड्याळ दाखवलं, मॅडमनी हातानंच गप्प केलं. एकोणीस मिनिटं संपल्यावर मॅडमनीच उठून दिवे लावले. मग विचारलं, की हे सगळं कसं बसवलंस. सई म्हणाली, बसवलं नाही. आणि तिनं पाचही खाचरांचं सगळं सांगितलं, पहिल्या खाचरातल्या आपल्या मूर्खपणासकट. मॅडम ऐकून घेत होत्या. चौथ्या खाचरापाशी त्यांनी थांबवलं. दोनच उरलेली असताना एक शूट न करता सोडायला तुला कुणी सांगितलं, असं विचारलं. कुणी नाही, सई म्हणाली. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अट म्हणजे अट, म्हणून लांबीचे गुण कापले, आणि तास संपल्यावर सगळे गेले तरी त्या एकट्या बसून तो शॉट पुन्हा बघत होत्या, असं शिपायानं नंतर सांगितलं.

ऑगस्टमध्ये, एका रविवारी दुपारी, सई आणि राजेश्वरी कॉलेजचा प्रोजेक्टर घेऊन वडिवळ्याला गेल्या. शाळेच्या वर्गाच्या खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केला. बायका ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून आल्या, सतरंजीवर बसल्या. सारिकाही आली होती.

सुरुवातीला हसणंच हसणं. मी कुठली, ती कोण, कुणाचा कागद फाटलाय. त्यांनी स्वतःला ओणवं असं कधी पाहिलंच नव्हतं. आवणी करताना दिसतात ते स्वतःचे हात आणि पुढ्यातलं वीतभर पाणी. अख्खं खाचर, त्यात आपण सगळ्या, मागं धरण आणि डोंगर, हे त्या पहिल्यांदा बघत होत्या. हळूहळू हसणं थांबलं. एक म्हातारी पुटपुटली, "आसं दिसतंय व्हय आमचं."

मग ते वाक्य आलं, हे खाचर सरस्तोवर ऱ्हा. आणि पडद्यावरची ओळ सावकाश झाली.

 पडद्याकडं बघतच अनिता म्हणाली, "मला वाटलं मी एकटीच हळू झालते. मनात म्हनलं, मागं ऱ्हायले तर वरडतील."

तिच्या शेजारची वळली. "तू बी? म्या म्हनलं मीच."

"मी बी तसंच म्हनलं."

असं एकेक करून ते सतरंजीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. त्या दिवशी त्या खाचरात प्रत्येकीनं हेच केलं होतं, आणि प्रत्येकीला वाटलं होतं की आपण गुपचूप, एकटीनं करतोय. गेला महिनाभर ही गोष्ट कुणी कुणाला बोलली नव्हती, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं.

अंबूबाई पडद्याकडं बघत होती. तिचा चेहरा सईला प्रोजेक्टरच्या उजेडात नीट दिसत होता.

"म्या कुनाला काय बोलले न्हवते," ती म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कळलं नाही. "एक शबूद बोलले न्हवते म्या."

शॉट संपला. पडदा पांढरा झाला. सई ताडपत्री काढायला उठली तर अनितानं तिचा हात धरला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुन्यांदा लाव."

राजेश्वरीनं पुन्हा लावलं. या वेळी कुणी कुणाला ओळखून दाखवलं नाही, कुणी हसलं नाही. सई दाराशी उभी राहिली आणि त्या अंधारात बसलेल्या बायकांकडं बघत राहिली. शॉट एव्हाना तिनं शंभरदा पाहिला होता. त्या मात्र तो आत्ता कुठं बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचं नवल सरेना.